तांबूस ठिपके : घासण्याआधी ओळखा

मैत्रिणींनो, पाऊस ओसरला आणि नवरात्राची चाहूल लागली की घराच्या साफसफाईबरोबर दारातल्या गाडीकडेही लक्ष जातं. खंडेनवमीला नाहीतर दसऱ्याला तिची पूजा करायची असते ना! शिवाय गाडी आता नुसती ‘ह्यांची’ राहिलेली नाही. मुलांना शाळेत सोडायला, बाजाराला, नोकरीला आपल्यापैकी कितीतरी जणी स्कूटर नि मोटार चालवतात. तेव्हा तिची निगा हाही आपल्या संसारातलाच एक धडा समजायला हवा.

या आठवड्याच्या टपालात, रेल्वे रुळांलगतच्या सोसायटीत राहणाऱ्या एका भगिनीचं पत्र आहे. पांढरी मोटार घेऊन दोन वर्षं झाली. पावसाळ्यानंतर बॉनेटवर आणि टपावर मोहरीहूनही बारीक तांबूस ठिपके दिसू लागले. पुढची चाकं तपकिरी-काळी पडली. गॅरेजवाला म्हणाला, “गंज धरलाय, सगळी गाडी रंगवावी लागेल.” सासूबाई म्हणतात राखेनं घासून बघ. आणि गाडीच्या कर्जाचे हप्ते तर अजून चालूच आहेत. “रंगाचा खर्च करायचा की ठिपके तसेच ठेवायचे?” असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही नको. राखही नको. आधी एवढंच ठरवा, की हा गंज गाडीचा स्वतःचा आहे की बाहेरून आलेला आहे? घरचा की पाहुणा? दोघांचा रंग एकच असतो, पण उपाय अगदी उलटे.

पाहुणा गंज

लोखंडाचे कण हवेतून उडत येतात आणि रंगावर बसतात. रुळांवर आगगाडीची चाकं घासतात, ब्रेक लागतात, तेव्हा लोखंडाची बारीक धूळ उडते. वरच्या मजल्यावर बाल्कनीला ग्रिल बसवताना ग्राइंडर चालतो, त्याच्या ठिणग्या खाली उभ्या गाडीवर पडतात. त्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कणच. ते रंगात रुततात. मग पावसाचा नि दवाचा ओलावा मिळाला की कण गंजतो आणि त्याच्याभोवती तांबूस टिकली उठते. पांढऱ्या गाडीवर ती लगेच डोळ्यांत भरते. काळ्या गाडीवरही असते, दिसत नाही इतकंच.

चाकांचा काळपटपणा तर आपल्याच गाडीचा. ब्रेक दाबला की पॅड लोखंडी डिस्कवर घासतात आणि दोघांचीही भुकटी होते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढं येतो, म्हणून पुढच्या ब्रेकना काम जास्त आणि पुढची चाकं अधिक मळतात. अलॉय व्हील अॅल्युमिनियमचं असतं, ते लोखंडासारखं तांबूस गंजत नाही. त्यावर नारिंगी डाग दिसले तर ते ब्रेकच्या भुकटीचे असं खुशाल समजा.

घरचा गंज

हा टपावर शिंपडल्यासारखा दिसत नाही. तो सुरू होतो कडेपासून, दाराच्या खालच्या काठाला, मडगार्डच्या आत, किंवा खडा लागून रंग उडालेल्या जागी. लोखंड गंजलं की फुगतं, म्हणून रंगाखाली फोड येतो, मग पोपडा सुटतो. मुंबई, रत्नागिरी, मालवणसारख्या समुद्रकाठच्या गावी खाऱ्या हवेनं हे लवकर होतं.

परीक्षा कशी करायची?

गाडी धुऊन वाळवा. भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि बोटं रंगावरून हलकेच फिरवा. पिशवीमुळे स्पर्श जास्त कळतो. रवा सांडल्यासारखं खरखरीत लागलं, पण रंग सपाट आणि अखंड असला, तर पाहुणा. फोड, चीर किंवा उडालेला टवका लागला, तर घरचा. कोकणातून आलेल्या गाडीवर लाल पुट असेल तर ती जांभ्याची माती. ती नुसत्या पाण्यानं निघते.

पत्रातल्या ताईंचे ठिपके बॉनेटवर आणि टपावर सारखे पसरलेत, गाडी दोन वर्षांचीच आहे आणि शेजारी रूळ. बहुतेक पाहुणाच! पण पिशवीची परीक्षा करून खात्री करून घ्या. आणि गॅरेजवाल्याला फोड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

घासायचं का नाही?

मोटारीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण दशांश मिलिमीटर. त्यात वरचा पारदर्शक थर त्याच्याही निम्म्याच्या आसपास. राख, काथ्या, तारेची घासणी, भांड्यांची पावडर यांनी ठिपक्याआधी हा थर जातो. एकदा का पत्रा उघडा पडला की मग खराच गंज धरतो. म्हणजे पाहुण्याला हाकलताना घराची भिंत पाडल्यासारखं! संडासाचं अॅसिड तर चुकूनही चाकाला लावू नका. अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरट डाग कायमचे राहतात.

मग उपाय काय?

पहिली पायरी धुण्याची. गाडी सावलीत आणि थंड असू द्या. दोन बादल्या घ्या, एक गाडी धुण्याच्या शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. फडकं दरवेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली या. चाकांचं फडकं निराळंच ठेवा, नाहीतर चाकावरचे लोखंडी कण आपणच टपावर नेऊन चोळू. सकाळी एकाच बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात तिथंही हेच होतं. त्या मुलावर रागावू नका, त्याला पाणी बदलायला दुसरी बादली भरून द्या.

दुसरी पायरी औषधाची. गाडीच्या सामानाच्या दुकानात लोखंडी कण काढायचं द्रावण मिळतं, ‘आयर्न रिमूव्हर’ म्हणून मागा. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं. केस काढण्याच्या क्रीममध्ये असतं, त्याच जातीचं. म्हणून वासही तसाच उग्र! (पण म्हणून ते क्रीम गाडीला फासू नका, बरं का.) द्रावण फवारलं की लोखंडाशी त्याचा संयोग होतो आणि जांभळे ओघळ येतात. काही मिनिटं थांबा, वाळू मात्र देऊ नका, मग भरपूर पाण्यानं धुऊन टाका. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा, मुलांना दूर ठेवा आणि कुठलंही दुसरं रसायन त्यात मिसळू नका. डब्यावर लिहिलेली वेळ पाळा.

तिसरी पायरी, तरीही खरखर उरली तर. ‘क्ले बार’ नावाची मऊ वडी मिळते. ती मळलेल्या कणकेसारखी असते. रंगावर शाम्पूचं पाणी मारून ती हलक्या हातानं फिरवायची, कोरडी कधीच नाही. रुतलेले कण तिला चिकटतात. मळली की घडी घालून पुन्हा मळायची आणि स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडली तर जीव न गुंतवता फेकून द्या, तिच्यात खडे चिकटलेले असतात. शेवटी मेणाचं पॉलिश लावलं की पुढचे कण सहज रुतत नाहीत.

घरचा गंज निघाला तर मात्र हे उपाय पुरे पडणार नाहीत. तेवढी जागा खरवडून, प्रायमर देऊन रंगवावी लागते. लहान टवक्याला टचअपची बाटली चालते, पण हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका.

जिवाशी गाठ आहे ती इथं

चाक चकचकीत करायच्या हौसेत ब्रेकच्या डिस्कला तेल, मेण किंवा पॉलिश लागता कामा नये. ब्रेक लागणारच नाही! स्कूटरच्या टायरवर तर चमक आणणारं द्रव्य लावूच नका. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ते ओघळलं की पहिल्याच वळणावर चाक घसरतं. धुतल्यावर डिस्कवर रातोरात नारिंगी पापुद्रा आला तर घाबरू नका, दोन-चारदा ब्रेक दाबला की तो जातो. मात्र धुऊन निघताना ब्रेक ओले असतात, म्हणून गल्लीतच हळू चालवून दोन-तीनदा दाबून बघा. चाकावरची कोरडी भुकटी फुंकू किंवा झटकू नका, आधी ओली करा. जुन्या गाड्यांच्या ब्रेक-लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे.

आणखी काही

* दाराच्या खालच्या काठाला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती दात कोरायच्या काडीनं मोकळी ठेवा.
* मडगार्डच्या आत साठलेला चिखल पावसाळ्यानंतर एकदा पाइपानं धुऊन काढा. ओला चिखल पत्रा खातो.
* ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालू नका, ओल आतच कोंडते.
* इमारतीत ग्रिलचं काम निघालं की गाडी तेवढ्यापुरती दुसरीकडे लावा.
* पूजेच्या वेळी हळदकुंकू रंगावर न लावता नंबरप्लेटच्या कडेला लावा आणि झेंडूच्या माळेला तार नको, दोराच बरा.

पुढच्या आठवड्यात दिवाळीच्या आधी पितळेच्या समया नि तांब्याचे हंडे कसे उजळायचे ते पाहू. तिथं मात्र चिंच आणि राख दोन्ही चालतील!