संसार मोडल्यावर आठवणारे शास्त्र

मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्ये पेलण्यास जो असमर्थ, त्याचा विवाह अवैध ठरतो, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १०९५ वे कलम सांगते. अशा खटल्यात न्यायाधीशाने सामान्यतः तज्ज्ञाची मदत घ्यावी, असाही नियम आहे. म्हणजे मेलेल्या संसाराचे शवविच्छेदन करायला मानसशास्त्र चालते. तो जिवंत असताना मात्र प्रार्थनाशिबिर आणि ‘बाई, सोसून घे’ हा उपदेश! बाराव्या पायसनी १९५३ साली मानसोपचारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे भाषण केले होते. मर्यादा आखल्या, पण दार लावले नाही. पापनिवेदनाने पापाची क्षमा मिळते. उदासी हे पाप नव्हे.

आणि उपचाराला पाठवायचे तरी कोणाला? एकट्या सुनेला! लक्षण एकाचे असले तरी गुंता साऱ्या घराच्या रचनेत असतो, हे साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ च्या ग्रंथात मांडले. त्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू देऊन उपचारात सामील करून घेतले. अमृतसर काही परदेशात नाही! मारहाण होत असेल तेथे आधी त्या स्त्रीची सुरक्षितता पाहावी. एरवी धर्मगुरूंनी नवऱ्याला आणि सासूलाही तिच्याबरोबर तज्ज्ञापुढे बसवावे.