घाटावरून समुद्राला

राजूरहून समुद्र जवळ आहे असे म्हटले तर राजूरचाच माणूस आधी हसेल. आमच्याकडे पाणी म्हणजे प्रवरा, भंडारदऱ्याचे धरण आणि पावसाळ्यात भिंतींतून पाझरते ते. पण नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहावे. पालघरचा किनारा पक्ष्याच्या वाटेने शंभर-सव्वाशे किलोमीटरांपेक्षा लांब नाही. आमचे जिल्ह्याचे ठिकाणही जवळजवळ तेवढेच दूर. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही वर्षातून दहादा जातो, आणि समुद्राला आयुष्यात एकदा, तेही मुंबईला कुणाच्या लग्नाला गेलो आणि चौपाटी वाटेत लागली तर.

याचे कारण सह्याद्री. तो माणसांनाच अडवतो असे नाही, पाण्यालाही अडवतो. त्र्यंबकेश्वरी गोदावरी उगम पावते तेथून अरबी समुद्र ८० किलोमीटरांवर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र सरळ पश्चिमेला उतरते. आमची प्रवरा रतनगडाच्या अंगाखाली जन्मते आणि गोदावरीचाच कित्ता गिरवते. तिला १९२६ साली भंडारदऱ्याला धरण बांधून अडवले. तरी सुटलेले पाणी नेवाशाकडे प्रवरासंगमाला गोदावरीत पडते आणि पुढे पूर्वेलाच जाते.

हा भूगोल यंदा आमच्या घरात एकाएकी फार महत्त्वाचा झाला, कारण सासूबाईंनी समुद्र पाहायचा म्हटले. त्यांना शहात्तरावे वर्ष चालू आहे. गुडघे बोलू लागले आहेत. पंढरी झाली, नाशिक-त्र्यंबक झाले, एकदा काशीही झाली. समुद्र तेवढा राहिला. मामंजींच्या अस्थी आम्ही प्रवरासंगमावर सोडल्या होत्या. भाद्रपदातल्या एका संध्याकाळी वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "आपल्या प्रवरेचं पाणी शेवटी समुद्रालाच जातं ना? मग मला एकदा तिथं न्या."

धाकटा आठवीत आहे. त्या वयाला अनुसरून तो ताबडतोब म्हणाला, "आजी, ते त्या समुद्राला जात नाही. ते आंध्रातून बंगालच्या उपसागराला जातं. आपण जाणार तो अरबी."

ह्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो पाटीवरून उठलाच. सासूबाईंची वात मात्र तुटली नाही. "दोन्हींच्या मध्ये भिंत आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. धाकट्याने नकाशा आणला, कन्याकुमारीवर बोट ठेवले, आणि भिंत नाही हे त्याला कबूल करावे लागले.

जायचे ठरले, आता कोठे आणि केव्हा. 'कोठे' फार लांबले नाही. अलिबाग, मुरूड, दिवेआगर ही नावे निघाली, पण गुडघ्यांच्या हिशेबाने ती लांब. बोर्डीचे नाव चिकूंमुळे थोडा वेळ टिकले. शेवटी केळवे ठरले. घोटीपर्यंत आमचा नेहमीचा बारीवरून जाणारा रस्ता, मग कसारा घाट उतरून वाडा, मनोर, पालघर. आगगाडीने जायचे तर पश्चिम रेल्वेला केळवे रोड नावाचे स्टेशनच आहे. पण कल्याण आणि दादर येथे गाड्या बदलताना सासूबाईंचे जिने कोण चढणार? म्हणून ओळखीची जीप. केळवे लहान आहे. सुरूचे बन, नागवेलीच्या पानांचे मळे, वाळूत उभा असलेला पोर्तुगीजांच्या काळातला छोटा किल्ला, शीतलादेवीचे देऊळ आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय. देऊळ आहे म्हटल्यावर सासूबाईंकडून मंजुरी मिळाली, आणि पोहता येते म्हटल्यावर थोरलीकडून.

खरी अडचण 'केव्हा' ह्याची. त्यासाठी थोडे विषयांतर करते.

माझी एक वर्गमैत्रीण मुलाकडे इटलीला जाऊन आली. तिने तिथल्या एका चिमुकल्या पुळणीचे छायाचित्र मला दाखवले. दोन खडकांच्या मध्ये आमच्या अंगणाएवढी वाळू, निळे स्वच्छ पाणी, आणि आजी, आई, नातवंडे सगळी गळ्यापर्यंत पाण्यात. मी तिला विचारले, "भरती-ओहोटीचं काय करतात?" ती म्हणाली, "कुणी नावच काढत नाही." ते खरे आहे. भूमध्य समुद्राला बाहेरच्या महासागराचे दार जिब्राल्टरपाशी, अवघे १४ किलोमीटर रुंद. त्यामुळे तेथे बहुतेक किनाऱ्यांवर पाणी चढते-उतरते ते वीत-दोन वीत. सकाळी टॉवेल ठेवला तेथेच तो संध्याकाळी सापडतो. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चौदा-पंधरा फूट चढते आणि तेवढेच उतरते. खंबायतच्या आखातात तर तीस फुटांच्याही वर. टॉवेलच काय, टॉवेलवाला जागेवर राहील याची खात्री नाही.

अशा शांत समुद्राकाठी वाढलेली माणसे महासागराशी आली की कशी फसतात याचे दोन दाखले इतिहासात आहेत. शिकंदराचे आरमार इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी आले. ओहोटीने पाणी ओसरले आणि जहाजे चिखलात बसली, तेव्हा जग जिंकणारे ते मॅसिडोनियन भेदरून गेले. आणि भरती परत आली तेव्हा दुप्पट भेदरले. इ. स. पूर्व ५५ मध्ये सीझरने इंग्लंडच्या किनाऱ्यावर गलबते लावली. रात्र पौर्णिमेची होती. उधाणाच्या भरतीने आणि वादळाने गलबतांची मोडतोड केली. पौर्णिमेला महासागराला मोठी भरती येते हे आपल्या माणसांना ठाऊक नव्हते, असे सीझरने स्वतःच लिहून ठेवले आहे. केळव्याच्या कोळ्याच्या पोराला जे ठाऊक, ते सीझरला नव्हते!

घाटावरचे आपण लोक या बाबतीत रोमनच. समुद्र म्हणजे मोठे धरण अशी आपली समजूत. मी शिक्षिका आहे, मुलांच्या सहली घेऊन जाते, म्हणून हे विनोदावर नेता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून सहलीच्या अर्जावर कोकणातले गाव दिसले की माझे पेन थांबते. आणि आता आमच्याच घरातली सतरा वर्षांची मुलगी म्हणते, "आई, मला पोहता येतं."

तिला पोहता येते हे खरेच आहे. ती पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत शिकली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सोडून काठावरून उड्या मारू लागली. पण विहिरीचे पाणी तुम्हांला कोठे नेत नाही. समुद्राचे नेते. लाटा फुटून पाणी किनाऱ्यावर येते, ते परत जायला वाट काढते. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि जरा गडद दिसते, दोन्ही बाजूंना मात्र पांढरा फेस. नवखा माणूस नेमका हीच शांत जागा उतरायला निवडतो आणि तीच त्याला आत ओढते. मग तो घाबरून किनाऱ्याच्या दिशेने हात मारत सुटतो, आणि दमतो. अशा वेळी पाण्याशी झगडायचे नाही. तरंगत राहायचे, हात वर करून हाक द्यायची, आणि पोहायचे ते किनाऱ्याला समांतर, ओढ सुटेपर्यंत. खाडीच्या तोंडाशी तर उतरायचेच नाही. थोरलीला मी हे तीनदा म्हणून दाखवायला लावले. चौथ्यांदा तिने परीक्षेतल्यासारखे घडाघडा म्हटले, तेव्हा मला जास्त काळजी वाटली.

आता तिथीकडे येते. कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती, तेव्हा दुसरी साधारण साडेबारा तासांनी. गावागणिक अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून थोडे अधिक, इकडेतिकडे होते. बिनचूक वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांत असतात, आणि आता मुलांच्या फोनवरही. पण पाऊणकीचा पाढा येणाऱ्या आमच्या सासूबाईंनी फोन उघडण्याआधी उत्तर सांगितले. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास पाण्यात शिरायला बरे, कारण तेव्हा पाणी किनाऱ्याकडे चालून येत असते. ओहोटी लागली की बाहेर. केळव्यासारख्या सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी दूरवर हटते, आणि त्याच्या मागे चालत चालत माणसे कोठल्या कोठे जातात.

अष्टमीच्या सुमाराला पाण्याची चढउतार सर्वांत कमी. त्याला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला सर्वांत जास्त, ते उधाण. म्हणून मी कार्तिक शुद्ध सप्तमी-अष्टमी सुचवली. सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या मते समुद्राला एरवी शिवू नये; पर्वणीलाच स्नान करावे. पिंपळाला जसा शनिवार, तशी समुद्राला पर्वणी, असे आपल्या जुन्या धर्मग्रंथांत सांगितले आहे. आणि पर्वणी म्हणजे नेमके उधाण! सुरक्षितपणाला भांग हवा, पुण्याला उधाण. आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पण कागद घेऊन मांडले तेव्हा वेगळेच दिसले. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे दुपारी बारा वाजता समोर नुसता चिखल. आणि पाण्यात शिरायची वेळ चार ते सहा, जेव्हा कार्तिकातला सूर्य मावळायला लागतो. पौर्णिमेची भरती अकराच्या पुढे, म्हणजे नऊला पाण्यात शिरून अकराला बाहेर: कोवळे ऊन, किनाऱ्यावर जागी माणसे. पाणी जोरकस खरे, पण ते आत येणारे. आणि आपण गुडघ्याच्या पुढे जायचे नाही. शिवाय त्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुटी असते. मी माझा हट्ट सोडला. ह्यांनी एवढेच म्हटले, "शास्त्राने काहीतरी विचार केला असेल." मला तसे वाटत नाही; पण वाद वाढवला नाही.

तेव्हा बेत असा. वैकुंठ चतुर्दशीला पहाटे निघायचे. दुपारपर्यंत केळवे. त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरायचे नाही. सुरूखाली बसून समुद्र मागे कसा जातो ते संध्याकाळपर्यंत नुसते पाहायचे. हा नियम मी मुलांसाठी केला आहे, ह्यांच्यासाठी त्याहून अधिक. पौर्णिमेला नऊ वाजता, जीवरक्षक असतील तर त्यांना आणि नसतील तर कोळ्यांना जागा विचारून, पाण्यात. थोरलीने पोहायचे ते किनाऱ्याला समांतर, कमरेइतक्या पाण्यात, आणि मी किनाऱ्यावरून तिच्या बरोबरीने चालणार. तिला हे अपमानास्पद वाटते. वाटू दे.

कपड्यांचा प्रश्न पुरुषांना पडत नाही, म्हणून प्रवासवर्णनांत तो कधी लिहिलेला नसतो. ओली साडी पायांत गुंडाळली की उभ्याने पडायला होते. मी सलवार-कमीज घालणार आणि ओढणी काठावर ठेवणार. थोरलीला तिचा पोहण्याचा पोशाख मिळेल, वरून शर्ट. सासूबाईंचे नऊवारी बदलणार नाही. त्यांनी पाण्यात उतरायचेच नाही असे मी म्हटले, तेव्हा त्यांनी स्वतःच तोड काढली: काठावर प्लॅस्टिकची खुर्ची, पावले पाण्यात, आणि मी तांब्याने पाणी घालायचे. "तांब्या घरचा घे," म्हणाल्या. पितळी तांब्या आणि चार सुरूंना बांधून आडोसा करायला दोन जुनी लुगडी, एवढे सामान आतापासून कोपऱ्यात ठेवले आहे. खाऱ्या अंगाने जीपमध्ये बसता येत नाही, म्हणून राहण्याच्या घरी विहीर आहे का, आणि खोली तळमजल्यावर मिळेल का, हे फोनवर विचारून घेतले. दोन्ही आहे. त्या बाईंनी वर विचारले, "आजींना गुडघ्यांचं दुखणं आहे का? मग गरम पाणी मी देते."

पौर्णिमेच्या संध्याकाळी त्रिपुरवात लावायची ती तेथेच, समुद्रासमोर. खारा वारा असेल, दिवा टिकणार नाही, असे मी म्हणून पाहिले. त्यावर धाकटा कंदिलाची काच शोधून घेऊन आला. प्रवरेचा मुद्दा त्याने पुन्हा काढलेला नाही. पण त्याने एक बाटली धुऊन ठेवली आहे. प्रवरासंगम आमच्या वाटेवर नाही, म्हणून राजूरच्या पुलाखालचे पाणी भरून नेणार आहे.