फोनचे मिटलेले डोळे

आमच्या स्वयंपाकघराची रुंदी जेमतेम सहा फूट. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला मांडणी आणि फ्रीज. मधल्या पट्टीत पाट टाकून सासूबाई बसल्या होत्या. २०२२चा एप्रिल महिना, पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. बारीक रव्याचं घट्ट पीठ भिजवून, परात पुढ्यात ओढून त्या गव्हले करत होत्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पीठ नुसतं फिरायचं आणि तांदळाच्या दाण्याएवढा गव्हला परातीत पडायचा. एकासारखा दुसरा. तोंडाने ओव्या चालू. वय एक्याऐंशी, पण बोटं विशीतली!

मी मोबाईल काढला. माझी पाठ फ्रीजला टेकलेली. फोनमध्ये एक तर हात दिसत होते, नाही तर चेहरा. दोन्ही एकदम मावेनात. मागे सरकायला जागा नाही. म्हटलं, कला हातात आहे, हातच घेऊ. अकरा मिनिटांचा व्हिडिओ झाला. त्यात बोटं आहेत, बांगड्या आहेत, परात आहे, आवाजही स्वच्छ आला आहे.

सासूबाई पुढच्याच वर्षी गेल्या. पुतणी माहेरपणाला आली तेव्हा तिने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि एवढंच म्हणाली, ''काकू, आजीचा चेहरा का नाही गं घेतलास?''

मैत्रिणींनो, मी तिला जागा कमी होती असं सांगितलं, आणि मला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं. ते खरं नव्हतं, हे समजायला आणखी सहा महिने गेले. आमच्या बचत गटाच्या बायकांना चटण्यांचे, पापडांचे फोटो कसे काढायचे ते दाखवायला एक विशीतली मुलगी आली होती. तिने माझा फोन हातात घेतला आणि सहज म्हणाली, ''काकू, तुमच्या फोनला शून्य पूर्णांक सहा आहे की!'' कॅमेरा उघडल्यावर पडद्याच्या खालच्या बाजूला ०.६, १, २ असे बारीक आकडे दिसतात, त्यातला पहिला. तिने तो दाबला आणि अख्खी खोली फोनमध्ये आली. सतरंजीवर बसलेल्या अठराच्या अठरा बायका, वरचा पंखा, कोपऱ्यातल्या चपलासुद्धा. ती तिथेच बसून होती, जागची हललीही नव्हती.

तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं होता. एका बोटाचं काम होतं. त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ फ्रीजला पाठ लावून उभी राहिले होते, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, मुलाला विचारायचं होतं. विचारलं होतं ना! फोन त्याचाच जुना. त्याने नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडे आला, जसे आपल्याकडे बहुतेक घरांत येतात. पाठीवर चार गोल भिंगं. ''हे चार कशाला रे?'' असं मी विचारलं होतं. उत्तर आलं, ''तुला काय करायचंय त्याचं? फोटो निघतो ना?'' आणि काही अडलं की ''दे इकडे.'' हे 'दे इकडे' फार प्रेमळ असतं, त्यात वाईट हेतू मुळीच नसतो. पण फोन त्याच्या हातात जातो, बोटं भराभर फिरतात, ''हे बघ, झालं'' म्हणून परत येतो. काम झालेलं असतं आणि आपण होतो तिथेच असतो. सासूबाईंनी मला गव्हले शिकवताना माझ्या हातातलं पीठ कधी ओढून घेतलं नाही. वाकडा झाला तर होऊ दिला, मग माझं बोट धरून फिरवलं. शिकवणं याला म्हणतात.

तर ही चार भिंगं काय आहेत ते मी माझ्या बोटाने शोधून काढलं. तुम्हीही करून पाहा, फार सोपं आहे. दिवसा, अंगणात किंवा खिडकीपाशी. कॅमेरा उघडून १ हा आकडा ठेवा आणि मागची भिंगं एकेक करून बोटाने झाका. ज्यावर बोट ठेवताच पडदा काळा होतो, तो मुख्य डोळा. मग ०.६ दाबा (काही फोनवर ०.५ असतं, कुठे आकड्यांऐवजी तीन झाडांचं चित्र असतं) आणि पुन्हा तेच करा. आता काळोख दुसऱ्याच भिंगाने होईल. ते रुंद दृश्य घेणारं भिंग. मग २ दाबा. इथे गंमत आहे. काही महागड्या फोनांना लांबचं जवळ आणणारं वेगळं भिंग असतं. आमच्या फोनवर मात्र २ दाबूनही मुख्य डोळा झाकला की अंधारच झाला. म्हणजे वेगळं भिंग नाहीच. फोन मधला तुकडा मोठा करून दाखवतो, एवढंच. बरं, ज्यांना वेगळं भिंग असतं तेही उजेड कमी पडला की गुपचूप मुख्य डोळ्याकडेच वळतात. म्हणून तर दिवसा करायचं.

उरलेली दोन भिंगं आमच्या फोनवर दोन-दोन मेगापिक्सेलची निघाली. एक अगदी जवळच्या वस्तूसाठी, त्याला मॅक्रो म्हणतात. 'अधिक' किंवा 'मोअर' या यादीत त्याचं नाव असतं. वस्तू चार-पाच सेंटिमीटरवर धरावी लागते. मी गव्हल्याचा फोटो त्यातून काढला आणि मग मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून काढून मोठा केला. खरं सांगू? दुसराच चांगला आला. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायलासुद्धा मी मुख्य कॅमेराच वापरते. चौथं भिंग अंतराचा अंदाज घेण्यासाठी, माणसामागचं दृश्य पुसट करताना म्हणे ते मदत करतं. मी ते झाकून फोटो काढला, मागचं पुसट झालंच. म्हणजे घरात पाहुणा आहे, पण कामाला कुणी बोलावत नाही!

दुकानात मात्र चार कॅमेरे म्हणूनच फोन विकला जातो. २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीने कॅमेऱ्याचा फोन आणला, त्याला एकच भिंग होतं आणि चित्र जेमतेम लाखभर ठिपक्यांचं. २०१६मध्ये आयफोन सेव्हन प्लसला मागे दोन भिंगं आली. २०१९मध्ये नोकियाने एका फोनच्या पाठीवर पाच बसवली. मग स्वस्त फोनांतही मोजणी सुरू झाली. साड्यांच्या दुकानात 'एकावर दोन' म्हटलं की आपण पोत बघतोच ना? तसंच इथेही. किती भिंगं आहेत यापेक्षा रुंद भिंग आहे का, आणि मुख्य डोळा संध्याकाळच्या उजेडात कसा फोटो काढतो, हे दुकानातच काढून बघावं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

रुंद भिंगाचा एक खोडसाळपणाही सांगून ठेवते. कडेला उभं असलेलं माणूस ते ताणून दाखवतं. लग्नात घरच्या सगळ्यांचा फोटो मी मोठ्या हौसेने ०.६वर काढला, तर टोकाला उभ्या असलेल्या जाऊबाई दीडपट रुंद! त्या चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तेव्हा मानाची माणसं मध्ये घ्यावीत.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. काही फोनांत दोन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवता येतात. पुढचा आणि मागचा, किंवा मागचेच दोन. ही सोय नवी नाही. सॅमसंगने २०१३मध्ये गॅलेक्सी एस फोर या फोनवर ती दिली होती आणि २०१७मध्ये नोकिया आठची तर जाहिरातच त्यावर होती. पण ती दडवून ठेवल्यासारखी असते, आणि प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. कुठे ड्युअल व्हिडिओ, कुठे ड्युअल व्ह्यू. सॅमसंगमध्ये आधी डायरेक्टर्स व्ह्यू म्हणायचे, नंतर ड्युअल रेकॉर्डिंग झालं. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात ती २०२५च्या सतराव्या फोनपासून आली. शोधायची कुठे? कॅमेरा उघडून फोटो, व्हिडिओ, पोर्ट्रेट असं लिहिलेली पट्टी शेवटपर्यंत सरकवा. शेवटी 'अधिक' असतं. ते उघडलं की चौकोनी चित्रांची यादी येते, त्यात हे नाव शोधा. बऱ्याच फोनांत तिथे पेन्सिलचं किंवा अधिकचं चिन्ह असतं, त्याने ते नाव ओढून समोरच्या पट्टीत आणता येतं. रोजच्या डब्यांसारखं, पुढच्या फळीवर.

यादीत नसेल तर फोनचं अपडेट राहिलंय का ते पाहा. तरीही नसेल तर तुमच्या फोनला ते झेपत नसावं. दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकाच वेळी सांभाळायची म्हणजे आतल्या चिपला दोन शेगड्यांवर दोन फोडण्या. स्वस्त चिपला एकच जमते. ज्यांना जमतं ते फोनसुद्धा गरम होतात, बॅटरी भराभर उतरते आणि चित्राचा दर्जा थोडा कमी होतो. इन्स्टाग्रामने २०२२मध्ये रीलसाठी अशी सोय दिली आहे, ती काहींच्या उपयोगी पडेल. पण 'लपलेला कॅमेरा उघडा' असं सांगणाऱ्या, कुणीतरी पुढे ढकललेल्या लिंकवरून अ‍ॅप घेऊ नका. आमच्या गटातल्या एकीच्या भाच्याने फोन रूट की काय ते करून कॅमेरे उघडायचा घाट घातला. कॅमेरा उघडला नाही तो नाहीच, वर बँकेचं अ‍ॅप चालायचं बंद झालं. गटाचा हप्ता भरायला ती बिचारी उन्हातून बँकेत.

डोळे उघडायचे म्हणजे कोणाकोणाला आपल्याकडे बघायची परवानगी दिली आहे हेही बघायला हवं. अँड्रॉइड बारा, म्हणजे २०२१पासूनच्या फोनांत कॅमेरा किंवा माईक चालू असला की वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण फोटो काढत नसताना ती दिसली तर सेटिंगमध्ये, परवानग्यांच्या यादीत जाऊन कुठल्या अ‍ॅपला कॅमेरा दिला आहे ते तपासा. मी तपासलं तेव्हा एका विजेरीच्या अ‍ॅपकडे कॅमेऱ्याची परवानगी निघाली. एकवेळ तेही समजू शकते, कारण तो दिवा कॅमेऱ्याचाच. पण पंचांगाला माझा चेहरा कशाला हवा? काढून टाकली. पंचांग अजून व्यवस्थित तिथी सांगतं.

आणि दोन कॅमेरे एकदम चालू केले की आपल्या पाठीमागचं घरही त्यात येतं, हे विसरू नका. आमच्याकडे पहिल्याच प्रयोगात दोरीवरचे कपडे आणि दुपारी आडवे झालेले सासरे व्हिडिओत आले. तो पुढे कुणाला पाठवला नाही म्हणून बरं. ज्याचं चित्रण करतो त्याला विचारावं, एवढं साधं आहे. म्हाताऱ्या माणसांना तर जरूर विचारावं, कारण ती नाही म्हणायला संकोचतात.

माझ्या एका मैत्रिणीला हे सगळंच पटत नाही. ती म्हणते, डोळ्यांनी बघावं, मनात ठेवावं, सारखा फोन कशाला मध्ये आणायचा? तिचं काही अंशी बरोबर आहे. जेवणाच्या ताटाचा फोटो काढता काढता आमटी निवते, ते मलाही आवडत नाही. पण मनात ठेवलेला चेहरा पुतणीला कसा दाखवू? आणि गव्हले करणारी बाई आता आमच्या गल्लीत एकच उरली आहे.

गेल्या महिन्यात गटाच्या सहा जणी मिळून तिच्याकडे गेलो. फोन गटातल्या एकीचा घेतला, तो दोन्ही कॅमेरे एकदम चालवतो. आजींनी आधी नको नको म्हटलं, मग ''थांबा'' म्हणून आत जाऊन लुगडं बदलून आल्या. दोन डब्यांवर फळी टाकून फोन तिच्या काठावर आडवा ठेवला, मागचं भिंग परातीकडे आणि पुढचं आजींच्या तोंडाकडे. पहिल्यांदा आढं आणि नुसती हनुवटी आली. मग फळीखाली वही सारली. कुणीही 'दे इकडे' म्हटलं नाही, जिचा फोन तिनेच सगळं केलं. बटण सापडायला पाच मिनिटं लागली. लागू देत!

वीस मिनिटं आजी गव्हले करत होत्या आणि गात होत्या. संपल्यावर आम्ही तो व्हिडिओ त्यांना दाखवला. परातीतली बोटं मोठी आणि वरच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत त्यांचा चेहरा. आजींनी चष्मा लावून फोन जवळ धरला, परत लांब धरला. आपली बोटं त्यांनी पाहिलीच नाहीत. कोपऱ्यातल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाल्या, ''अगं, मी गाताना डोळे मिटते की काय? एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नाही मला.''