घरांतील यंत्रें : ग्राफिक्स कार्डाला जादा पंखे हवेत काय?

नागपूरच्या एका वाचक भगिनींनीं या महिन्यांत विचारलेला प्रश्न थोडा निराळा आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांतील पुतण्या चित्रपट-संकलनाचें शिक्षण घेतो. त्याच्या संगणकांत एनव्हिडिया कंपनीचें ‘आरटीएक्स ३०६०’ हें ग्राफिक्स कार्ड असून उन्हाळा लागल्यापासून तें ८४ अंशांपर्यंत तापतें. दुकानदारानें दिव्यांचे सहा पंखे व नवी पेटी मिळून बारा हजारांचा खर्च सुचविला आहे. मामंजी म्हणतात, हा छांदिष्टपणा; मुलगा म्हणतो, कार्ड जळेल आणि परीक्षेचें काम बुडेल. आतां तिजोरीची किल्ली सांभाळणाऱ्या सूनबाईंनीं काय करावें?

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ८४ हा आंकडा माणसाच्या ज्वराप्रमाणें वाचावयाचा नसतो. या कार्डाची कमाल मर्यादा कंपनीनें ९३ अंश ठेविली आहे, आणि तेथवर जाण्यापूर्वींच कार्ड आपण होऊन आपली गति उतरवूं लागतें. एएमडी कंपनीनें तर २०१९ सालीं आपल्या ‘आरएक्स ५७००’ मालिकेच्या कार्डांतील सर्वांत तप्त बिंदूला ११० अंशांपर्यंत मुभा असल्याचें जाहीर केलें होतें. तेव्हां जळण्याची भीति बहुधा अनाठायीं आहे. गति उतरल्यामुळें काम रेंगाळतें काय, हा खरा प्रश्न होय.

दुसरें असें कीं, पंखा थंडावा निर्माण करीत नाहीं. तो खोलींतील हवाच कार्डावरून नेतो. पौषांत २५ अंशांच्या खोलींत ७० वर राहणारें कार्ड वैशाखांत ४० अंशांच्या खोलींत ८५ च्या आसपास जावें, हें साधें गणित आहे. पूर्ण कामांत हें कार्ड सुमारें १७० वॅट वीज घेतें व ती सारी उष्णतेच्या रूपानें त्याच खोलींत सोडतें. खिडकी बंद असल्यास सहा काय, बारा पंखेही तीच तापलेली हवा घुसळीत बसतील.

तरी पुतण्याचें म्हणणें एकदम झिडकारूं नये. त्याची परीक्षा घरच्या घरीं व फुकट होते. दुपारीं नेहमींचें जड काम चालू ठेवून अर्धा तास थांबावें आणि ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅममध्यें तपमान व गति पाहून तीं कागदावर टिपून ठेवावीं. मग संगणक बंद करून पेटीची बाजूची फळी काढावी व तेंच काम पुनः तितकाच वेळ चालवावें. (घरांत रांगतें मूल असेल तर त्याला या वेळीं आजींच्या स्वाधीन करावें.) तपमान आठ-दहा अंशांनीं उतरलें तर पेटीचा श्वास कोंडत आहे असें समजावें. अशा वेळीं पुढच्या बाजूस हवा आंत घेणारा १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा, व नसल्यास मागें बाहेर टाकणारा दुसरा, एवढें पुरतें. दिव्यांनीं हवा थंड होत नाहीं! उलट, फळी काढूनही फरक पडला नाहीं, तर दोष कार्डाच्या स्वतःच्या पंख्यांत, धुळींत किंवा वाळलेल्या उष्णतावाहक लेपांत असतो. तेथें पेटीचे जादा पंखे व्यर्थ होत. मात्र काम नसतांना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले म्हणून घाबरूं नये. पुष्कळ कार्डांत ती मुद्दाम केलेली योजना असते.

आपल्या घरांत संगणकावर भरतकामाचें आच्छादन घालण्याची व तो मेजाच्या बंद कप्प्यांत ठेवण्याची जी हौस आहे, ती उन्हाळ्यापुरती तरी आवरावी. देवघराशेजारीं यंत्र असल्यास उदबत्तीचा धूरही पंख्यांच्या पात्यांवर चिकटतो. धूळ फुंकतांना पातें बोटानें धरून ठेवावें, नाहीं तर तें भलत्या वेगानें फिरून पंखा बिघडतो.

एवढें करूनही काम रेंगाळत असेल, तर कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहावी. गति थोडीशीच घटते, उष्णता मात्र लक्षांत येण्याजोगी कमी होते, आणि पैसाही लागत नाहीं. लेप बदलण्यासाठीं कार्ड उघडावयाचें झाल्यास आधीं हमीचा कागद काढून मुदत पाहावी, व मुदत शिल्लक असेल तर तें काम घरीं न करितां दुकानदाराकडे सोंपवावें.