प्लेटलेटचा आकडा बरोबर, तरी रक्त थांबत नाही
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,



दर पावसाळ्यात डेंग्यू येतो, त्यामुळे आरेत मरोशीपाड्यापासून केल्टीपाड्यापर्यंत प्लेटलेटचा आकडा सगळ्यांना कळतो. तो दीड लाखाच्या वर असला की घरचे निश्चिंत होतात. ग्लान्झमान थ्रोम्बास्थेनिया या जन्मजात आजारात हीच निश्चिंती घात करते. आकडा अडीच लाख येतो आणि रक्त वाहतच राहते.

स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी 1918 साली हा आजार नोंदवला. प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर फायब्रिनोजेनला धरतो, त्यातून प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. तो नसला किंवा सदोष असला की जखमेवर बूच बसत नाही. याच जातीच्या, 1948 मध्ये नोंदवलेल्या बर्नार्ड-सूलिए आजारात दुसरा रिसेप्टर बिघडलेला असतो. तिथे प्लेटलेट कमी आणि आकाराने मोठ्या दिसतात. त्याला आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करते तो आजार, समजून स्टिरॉइड दिली जातात, कधी प्लीहाही काढली जाते. काचपट्टीवर रक्त नीट पाहिले, तर हा अनर्थ बहुधा टळतो.

रक्त न थांबण्याचा दुसरा आजार, हिमोफिलिया, मुख्यतः मुलग्यांना होतो. वरचे दोन आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतात, म्हणून मुलींनाही तितकेच होतात. नात्यातल्या लग्नांत त्यांची शक्यता वाढते. मुलीचा घोळणा फुटला की उष्णता म्हणून कांदा हुंगवतात. पहिल्या पाळीत अंगावरून जाणे थांबेना, तरी लोहाच्या गोळ्यांवर भागवले जाते. एवढ्याशा मुलीचा जीव धोक्यात असतो आणि अहवालात सगळे ठीक लिहिलेले असते, याचा मला फार त्रास होतो.

निदानाची सोय याच शहरात आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. 1957 साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. पण प्लेटलेट एकत्र येतात का, ही तपासणी ताज्या रक्तावर काही तासांतच करावी लागते, त्यामुळे रुग्णालाच तिथे जावे लागते. आरेतून बस, मग गोरेगावहून लोकल, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून विनंती करते, की उपनगरांसाठी कूपर रुग्णालयात या तपासणीचा एक वार ठरवावा. पालिकेच्या ‘आपला दवाखान्यात’ घोळणा, हिरड्या, दाढ काढल्यावरचे रक्त, आईचे आणि मावशीचे बाळंतपण हे विचारण्याची सवय लागावी. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात. निदान झालेल्या मुलीला मराठी-हिंदीत कार्ड द्यावे: अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको, प्लेटलेट विनाकारण चढवू नयेत. वारंवार चढवल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि पुढे बाळंतपणात त्याच प्लेटलेट निरुपयोगी ठरू शकतात. मग महागड्या फॅक्टर सातच्या इंजेक्शनावर विसंबावे लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, हे दोन आजार नाहीत. तो बदल दिल्लीला करावा लागेल. दवाखान्यातला बदल मात्र आपल्या हातात आहे, आणि तो येत्या अर्थसंकल्पात दिसावा.

आपली,
आरे कॉलनी, गोरेगाव (पूर्व) येथील एक रहिवासी