थंडीची लाट नाही, तरी रात्री दारं धरणारा कुडकुडतोच : साताऱ्यातल्या खंडाळा तालुक्याचा हिवाळा समजून घ्या

खंडाळा म्हटलं की मोबाईलवर आधी लोणावळ्याशेजारचा खंडाळा येतो. आमिर खानचं गाणं, धुकं, चिक्की आणि वीकेंडची गर्दी.

आपण बोलतोय ते सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याबद्दल. पुण्याहून साताऱ्याकडं निघालात आणि नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ येतं. तिथून हा तालुका सुरू होतो आणि खंबाटकी घाट चढून गेलं की वाई तालुका लागतो. एका अंगाला हायवे आणि शिरवळची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला लोणंदचा कांदा बाजार, मधल्या वावरात ऊस, ज्वारी, गहू आणि हरभरा. सावित्रीबाई फुल्यांचं नायगावही याच तालुक्यात. दरवर्षी 3 जानेवारीला, ऐन थंडीत, राज्यभरातून लोक तिथं येतात.

हिवाळा आला की सोशल मीडियावर दोन प्रकारची थंडी फिरते. एक कॅनडाची. तिथली मराठी मंडळी दारातला बर्फ फावड्यानं ओढतानाचे रील टाकतात. दुसरी महाबळेश्वरची, म्हणजे वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव आणि हातात स्ट्रॉबेरी. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी थंडी असते, ती कुणी रीलमध्ये टाकत नाही. रात्री दोन वाजता उसाला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला वावरात उभं राहणाऱ्या माणसाची थंडी.

या थंडीला सरकारी भाषेत बहुतेक वेळा नावच नसतं. असं का होतं?

थंडीची लाट कधी ठरते?

"आज भयंकर लाट आलीय" असं आपण सहज म्हणतो. हवामान विभागाचा हिशोब वेगळा आहे. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली असलं पाहिजे, आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी कमी असलं पाहिजे. तेव्हा थंडीची लाट. सरासरीपेक्षा 6.4 अंशांहून जास्त घसरण झाली तर तीव्र लाट. पारा थेट 4 अंशांवर किंवा त्याखाली गेला, तर सरासरी न बघताही लाट धरली जाते.

एवढ्यावर भागत नाही. हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आणि आपला उपविभाग कोणता? मध्य महाराष्ट्र. म्हणजे नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत.

आता समजा, एखाद्या ठिकाणची डिसेंबरातली सरासरी 13 अंश आहे आणि रात्री पारा 10 वर आला. घसरण फक्त 3 अंशांची. कागदावर लाट नाही, म्हणजे इशारा नाही आणि बातमीही नाही. स्वेटर घालून घरात झोपलेल्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. वावरात उभ्या असलेल्याला पडतो.

कॅनडातही आकड्यांवरच इशारा निघतो, पण तो आकडा भागागणिक बदलतो. अतिथंडीच्या इशाऱ्यासाठी वाऱ्यासह जाणवणारं तापमान दक्षिण ओंटारिओत उणे 30 च्या आसपास लागतं, तर उत्तरेकडच्या नुनावुतच्या काही भागांत उणे 55 पर्यंत. म्हणजे कुठली थंडी धोक्याची, हे तिथं राहणाऱ्या माणसाच्या सवयीवरून ठरतं. आपल्याकडं मैदान, डोंगर आणि किनारा असा फरक केलेला आहे. पण माणूस त्या वेळी घरात आहे की पाण्यात, हा फरक कुठंच धरलेला नाही.

तापमापकातलं तापमान आणि वावरातलं तापमान

वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, आणि जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा जास्त गार होते. महाबळेश्वरात केंद्रावरचा पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, त्यामागं हेच कारण आहे.

गार हवा जड असते. ती उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते. म्हणून डोंगराच्या पायथ्याची, ओढ्याकाठची आणि नदीकाठची वावरं गावठाणापेक्षा गार असतात. पाणी जिथं, ऊस तिथं, आणि थंडीही तिथंच.

त्यात पाय भिजलेले असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फच पडावा लागतो असं नाही. 10 अंशांत ओल्या कपड्यांवर आणि वाऱ्यात तासन् तास राहिलं तरी तो धोका असतो, आणि वय झालेल्यांना जास्त.

पण पाणी रात्रीच का द्यायचं?

कारण वीज रात्री येते.

घरातला दिवा सिंगल फेजवर चालतो, शेतीपंपाला थ्री फेज लागते. ही थ्री फेज वीज शेतीच्या फिडरला आळीपाळीनं दिली जाते. वर्षानुवर्षांचं गणित असं की दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. राज्यातले सगळे पंप एकाच वेळी चालू झाले तर यंत्रणेवर ताण येतो, म्हणून ही वाटणी. दिवसा कारखाने आणि ऑफिसं चालतात, रात्री त्यांची मागणी उतरते. तेव्हा शेतीला रात्र देणं सोयीचं पडलं.

पावसाळ्यात याचा फारसा त्रास जाणवत नाही. रब्बीत जाणवतो. खंडाळा तालुका पर्जन्यछायेचा. नीरा उजवा कालवा आणि धोम-बलकवडीच्या पाण्यानं काही भागात ऊस आणि बागायत वाढली. पण पाणी कालव्याचं असो की विहिरीचं, ते उपसून पिकाला द्यायला पंपच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवरून मोटार चालू करता येते की! येते. पण पाटानं पाणी देताना मोटार चालू करणं हे सोपं काम आहे. खरं काम दारं धरायचं. एक सरी भरली की तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. ते ॲप करत नाही. त्यासाठी खोरं आणि बॅटरी घेऊन माणूसच उभा राहतो. सोबत साप असतो, ओल्या हातानं पेटीला हात लावायचा धोका असतो, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती असते.

ऑटो स्विच लावून घरी झोपायचा उपायही लोकांनी करून बघितला. पण वीज येताक्षणी सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो. ती जळाली तर पुढचे काही दिवस पाणीच नाही.

2024 मध्ये राज्यानं बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं. शेतकऱ्याचा मोठा खर्च वाचला, हे खरंय. पण माफ झालं ते बिल. वीज कधी येणार, हा प्रश्न तसाच राहिला.

रात्र फक्त शेतकऱ्याची नाही

हिवाळ्यात या भागातली बरीच कामं अंधारात सरकतात. उसाचा गाळप हंगाम 2024 मध्ये 15 नोव्हेंबरला आणि 2025 मध्ये 1 नोव्हेंबरला सुरू झाला. कारखाना चोवीस तास चालतो, त्याला चोवीस तास ऊस लागतो. म्हणून ऊसतोड मजुरांचा कोयता पहाटेच चालू होतो. एक नवरा-बायको म्हणजे हिशोबात एक कोयता. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून आलेली ही कुटुंबं उसाच्या पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहतात. गार हवा साचते त्याच सखल भागात कोप्या असतात. त्यात तान्ही पोरंही असतात.

भरलेल्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर येतात. धुक्यात मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर दुचाकीवाल्याला ती धडकेपर्यंत दिसत नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा होतात, त्या याचसाठी. लोणंदच्या बाजारात हळवा कांदा याच दिवसांत येतो. सकाळच्या लिलावाला पोचायचं तर टेम्पो रात्री किंवा पहाटे भरावा लागतो.

हिवाळ्याचं नियोजन जमतच नाही का?

जमतं. त्याचं उदाहरण शेजारच्या वाई तालुक्यात आहे. मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. 25 जानेवारी 2005 ला तिथं चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास 300 भाविक गेले. पुढं न्यायमूर्ती राजन कोचर आयोग बसला. त्यानंतर यात्रेआधी प्रशासनाच्या बैठका, बंदोबस्त, वाहतुकीचा आराखडा हे दरवर्षीचं काम झालं.

तिथं माणसं एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणि सगळ्यांसमोर गेली. वावरातला माणूस एकटा असतो. कुणाला साप चावतो, कुणाला शॉक लागतो, कुणी म्हातारा पहाटे बांधावर कोसळतो. नोंद होते ती सर्पदंश, अपघात किंवा हृदयविकार अशी. "रात्रीच्या पाळीत पाणी देताना" असा रकाना नसतो. त्यामुळं बेरीज होत नाही, आणि बेरीज नसेल तर बैठकही होत नाही.

कॅनडातल्या छोट्या गावांशी तुलना करायची तर ती इथं होते. ओंटारिओतल्या अनेक गावांत हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते, कारण बर्फ काढणारं यंत्र रात्रीच फिरतं. फुटपाथ कुणी साफ करायचा, शाळेची बस कधी बंद ठेवायची, याचे नियम ठरलेले असतात. त्यांची थंडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण ती गावाच्या बजेटमध्ये लिहिलेली आहे. आपली थंडी कमी आहे आणि ती कुठल्याच बजेटमध्ये नाही.

सोलरनं प्रश्न सुटेल का?

बराचसा सुटू शकतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला थेट दिवसाची वीज द्यायची आहे. योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला आणि पुढं लक्ष्य 16,000 मेगावॅटपर्यंत वाढवलं गेलं. 5 ऑक्टोबर 2024 ला यातल्या पहिल्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, तेव्हा त्यांची क्षमता होती 19 मेगावॅट. मूळ कल्पना मात्र पक्की आहे. रात्री शेतीला वीज देण्यामागचं गणितच सोलरनं उलटं होतं, कारण स्वस्त वीज आता दिवसा तयार होते.

दुसरा मार्ग म्हणजे मागेल त्याला सौर कृषी पंप. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. पण डिसेंबरात दिवस 11 तासांचा असतो. त्यातला सकाळ-संध्याकाळचा वेळ कोवळ्या उन्हात जातो. पंप पूर्ण जोरात चालतो तो मधले काही तास. मोठं क्षेत्र असेल तर तेवढ्यात भागत नाही. ठिबक असेल तर भागू शकतं, आणि रात्रीचं दारं धरणंही टळतं.

हे सगळं होईपर्यंत काही गोष्टी गावातच करता येतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्या फिडरला दिवसाची पाळी जास्त मिळावी, असा ठराव ग्रामसभेत घेऊन महावितरणला देता येतो. रात्री पाण्याला जाणाऱ्यांनी जोडीनं जायचं, घरी सांगून जायचं, गमबूट वापरायचे. कोप्यांवरच्या लहान पोरांची नोंद आशाताईंकडं आहे का, हे बघायचं. आणि रात्रीच्या पाळीत काही अपघात झाला, तर तो रात्री पाणी देताना झाला असं पंचनाम्यात लिहून घ्यायचं.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात कमी खर्चाची आहे. ती केली तर निदान पुढच्या हिवाळ्यात आकडा हातात असेल.