जोडीदाराला अर्धवट शिकवू नका

गोव्यात ग्रँड आयलंडला आणि शेजारी मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांत आता आपल्या समाजातील मुली व गृहिणीही दिसू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु साहित्याची दुकाने व प्रशिक्षण केंद्रे त्यांना कसे वागवतात, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

जोडपे दुकानात गेले की विक्रेता बहुधा नवऱ्याशीच बोलतो. रेग्युलेटरची माहिती त्याला, बाईंना मात्र गुलाबी मास्क! पुरुषी मापाचेच लहान जॅकेट ‘लेडीज’ म्हणून खपवले जाते. वेटसूट अंगाला नीट बसला नाही, तर आत सतत पाणी खेळते व शरीराची ऊब निघून जाते. जॅकेट सैल असले की पाठीवरचा सिलिंडर डुलतो. म्हणजे माप हा हौसेचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. पैसे तर दोघांकडून सारखेच घेतले जातात.

‘मॅडम, तुम्ही काळजी करू नका, साहेब बघतील,’ हे प्रशिक्षणातले वाक्य तर अधिकच घातक. स्कूबाचा पायाच जोडीदार पद्धतीवर उभा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी एकमेकांची हवा, वजने, पट्टे तपासायचे असतात. ओपन वॉटर प्रशिक्षणार्थीची मर्यादा १८ मीटर. तेथे दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट असतो. अशा ठिकाणी साहेबांची हवा संपली, तर आपल्या जादा रेग्युलेटरमधून ती देणार बायकोच! तिला अर्धवट शिकवणारा दोघांचाही जीव धोक्यात घालतो.

‘बायकांना हे झेपत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले पुरेत. कोरियातील जेजू बेटावरच्या हेन्यो स्त्रिया सिलिंडरशिवाय, श्वास रोखून समुद्रतळावरून शंख-शिंपले काढतात. त्यांच्या परंपरेचा युनेस्कोने २०१६ मध्ये वारसा म्हणून गौरव केला. अमेरिकन शास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल १९७९ मध्ये खास पोशाख घालून ३८१ मीटर खोल समुद्रतळावर चालल्या.

गोव्याच्या नागरी कायद्यात वेगळा करार नसेल तर पत्नीचा मालमत्तेत निम्मा वाटा असतो. कायद्याने दिलेला हा मान दुकानाच्या काउंटरवर का मिळू नये? पर्यटन खात्याने जलक्रीडा चालकांची नोंदणी करताना स्त्रियांच्या मापाचे साहित्य, कपडे बदलण्याची स्वतंत्र सोय आणि दोघांना सारखेच प्रशिक्षण या अटी घालाव्यात. स्त्री प्रशिक्षक घडवण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय विधानसभेत मांडावा, अशी आमची मागणी आहे.

वाचक भगिनींनाही एक विनंती. विक्रेता नवऱ्याकडे पाहून बोलू लागला, तर त्याला तेथेच थांबवा. सिलिंडर तुमच्या पाठीवर असणार आहे. प्रश्नही तुम्हीच विचारा.